छपराच्या भोकाचे बावीस गुण

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तपासणी समितीची पांढरी गाडी टेमघरच्या जुन्या माग-कारखान्यासमोर थांबली. त्या वेळी संस्थेचे सचिव अनंतराव मढवी शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर उभे होते. त्यांच्या उजव्या हातात सोळा-सतराचा पाना होता आणि डावी बाही छपरावरच्या ओल्या डांबराला चिकटली होती.

समिती दोघांची होती. आधी मेघाली तांडेल उतरल्या, मागून सागर नावाचा तरुण अभियंता. दोघांनी वर पाहिलं. अनंतरावांनी खाली पाहिलं. नमस्काराला दोन हात लागतात. त्यांच्यापाशी एकच मोकळा होता आणि त्यात पाना होता. त्यांनी पान्यासकट नमस्कार केला.

"अरे वा! सचिव स्वतः दुरुस्ती करतायत!" मेघाली मॅडम म्हणाल्या.

सागरनं फोटो काढला. तो फोटो आज फाइलमध्ये आहे आणि चांगला आला आहे. त्यात एक बासष्ट वर्षांचा गृहस्थ स्वच्छ शर्ट घालून समाजासाठी छप्पर सांधताना दिसतो. प्रत्यक्षात अनंतराव सांधलेलं छप्पर पुन्हा मोडायला चढले होते, आणि पंचवीस मिनिटं झटूनही त्यांना ते जमलेलं नव्हतं.

त्यांच्यासारख्या माणसावर ही वेळ का आली, ते क्रमानं सांगायला हवं.

अनंतराव एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं लिपिक होते. या काळात त्यांनी लिहिलेला एकही अर्ज त्रुटीसाठी परत आला नाही, असं ते स्वतः सांगतात आणि कुणी खोडून काढलेलं नाही. गाव त्यांना अनंता म्हणतं. अनंतराव हे फक्त संस्थेच्या लेटरहेडवर छापलेलं आहे, आणि लेटरहेड त्यांनीच छापून घेतलेलं आहे.

संस्था म्हणजे जरीमरी यंत्रमाग सहकारी संस्था. तिचा कारखाना बारा वर्षांपूर्वी बंद पडला. माग भंगारात गेले. चार भिंती, सिमेंटच्या पत्र्यांचं छप्पर आणि सदतीस सभासद शिल्लक राहिले. चार वर्षांपूर्वी अनंतरावांच्या सुनेनं, दिपालीनं, तिथे आठ बाकं टाकून मुलींसाठी अभ्यासिका सुरू केली. आता सव्वीस जणी येतात. बहुतेक दहावी-बारावीच्या, तिघी पोलीस भरतीच्या. त्यांच्या घरी एकच खोली असते, किंवा भिंतीपलीकडे दोन शिफ्टमध्ये माग खडखडत असतात, किंवा दोन्ही.

कारखान्याच्या छपराला वळचणीपासून हातभर आत ताटाएवढं भोक होतं. त्यातून उन्हाची गोल चकती खाली पडे आणि दिवसभर बाकांवरून सरकत जाई. चकती तिसऱ्या बाकावर आली की अकरा आणि पाचव्यावर आली की एक वाजला, असं मुलींनी ठरवून टाकलं होतं. भिंतीवरचं घड्याळ कारखान्याबरोबरच बंद पडलं होतं. चकतीला सेल लागत नव्हता.

आता चिंधू. चिंधू मढवी हा अनंतरावांचा चुलतभाऊ. वळ गावात त्याची दोन गोदामं आहेत, पायात पांढरे बूट असतात आणि कानाला फोन. ऑक्टोबरच्या सर्वसाधारण सभेत त्यानं कान मोकळा केला आणि उभा राहिला.

"गिऱ्हाईक तयार हाय," तो म्हणाला. "पार्सलची कंपनी हाय. उद्या करार करतील. जागा पडून र्‍हायलीय नुसती."

"पडून नाही, मुली बसतात," दिपाली म्हणाली.

"मुली काय, कुठं पन बसतील. पार्सलला छप्पर लागतं."

"मुलींना नाही लागत?"

सभेत हशा झाला. चिंधूला हशा आवडत नाही. त्यानं ठरावच मांडला. तेव्हा अनंतराव उठले आणि जे बोलले ते आजही इतिवृत्तात आहे: "मला सहा महिने द्या. या जागेच्या पुनर्विकासाला मी अनुदान आणून दाखवतो. माझ्या नावावर लिहा." ते त्यांच्या नावावर लिहिलं गेलं. ठराव असा झाला की, तीस एप्रिलपर्यंत अनुदान न आल्यास जागा गोदामासाठी द्यावी. म्हणजे एका बाजूला सव्वीस मुली आणि अनंतरावांचा शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला पार्सलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत त्यांना लोक विचारू लागले, "काय अनंता, आलं का?" जसं काही ते पोस्टानं येणार होतं.

मुंबईतल्या एका प्रतिष्ठानानं वस्त्यांमधल्या जुन्या सामुदायिक इमारतींच्या पुनर्विकासासाठी अर्ज मागवले होते. माहितीपत्रकात गुणांचा तक्ता होता: गरज तीस, लोकसहभाग पंचवीस, कागदपत्रं वीस, देखभालीची हमी पंधरा, वेगळेपण दहा. एकूण शंभर. जिल्ह्यातून तिघांनाच मिळणार होतं.

अनंतरावांनी तक्ता आठ दिवस अभ्यासला. दिपालीनं दहावीला एवढा अभ्यास केला नव्हता. मग त्यांनी गरजेच्या तीस गुणांची स्वतः फोड केली. मोडक्या पायऱ्या चार, फुटक्या काचा पाच, गंजलेलं दार सहा, लोंबणाऱ्या वायरी तीन, छपराचं भोक बारा.

"पप्पा, हे कुठं लिहिलंय?" दिपालीनं विचारलं.

"लिहिलेलं नसतं. समजून घ्यायचं असतं."

कागदपत्रांच्या वीस गुणांसाठी अकरा जोडपत्रं लागत होती. दहा जमली. सदतीस सभासदांच्या संमतीत चिंधूची सहीसुद्धा आली. "घे सही," तो म्हणाला. "तुजं काय होनार न्हाय म्हनून देतो. होनार असतं तर इचार केला असता."

अडलं ते इमारतीच्या अवस्थेच्या दाखल्यावर. संबंधित कार्यालयातल्या खिडकीमागच्या गृहस्थांनी परिस्थिती मोकळेपणानं मांडली.

"धोकादायक लिहिलं, तर आतल्या सगळ्यांना आजच बाहेर काढावं लागेल. धोकादायक नाही लिहिलं, तर इमारत चांगली आहे असा अर्थ होतो."

"मधलं काही नाही?"

"मधल्याचा नमुना नाही."

अनंतराव तीनदा जाऊन आले. चौथ्या खेपेला ते मधल्याचा नमुना घरून लिहून घेऊन गेले: 'सदर इमारत वापरास योग्य आहे, परंतु वापरणाऱ्यांनी वर लक्ष ठेवावे.' गृहस्थांनी तो दोनदा वाचला, शेजारच्या टेबलावर वाचायला दिला आणि शिक्का मारला. "आमच्यापेक्षा बरं लिहिलंय," असंही ते म्हणाले. ते वाक्य अनंतरावांनी त्या आठवड्यात निदान नऊ जणांना सांगितलं.

राहिले वेगळेपणाचे दहा. इथे शेजाऱ्यांनी सल्ले दिले. एकानं सेल्फी पॉइंट सुचवला, एकानं ड्रोन. ड्रोन कशाला, हे त्यालाही माहीत नव्हतं, पण वेगळा दिसला असता. अनंतराव त्या दुपारी अभ्यासिकेत बसून विचार करत होते. चकती पाचव्या बाकावरून त्यांच्या पायापाशी आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि लिहिलं: 'अभ्यासिकेत नैसर्गिक सौर घड्याळाची सोय असून विद्यार्थिनी त्यानुसार वेळापत्रक पाळतात.'

दिपाली टाइप करताना थांबली. "पप्पा, हे भोक आहे."

"यात खोटं काय आहे ते दाखव."

तिला दाखवता आलं नाही. अशा रीतीनं छपरातल्या एका भोकाकडे गरजेचे बारा आणि वेगळेपणाचे दहा, असे बावीस गुण जमा झाले. अनंतरावांच्या हिशेबानं अर्ज एकोणनव्वदला पोहोचला होता.

चौसष्ट अर्जांतून नऊ निवडले गेले आणि त्यात टेमघर होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं: 'शुक्रवारी समिती प्रत्यक्ष पाहणी करून अंतिम गुण देईल.' अनंतरावांनी रविवारी कारखान्यात सगळ्यांना बोलावलं आणि आयुष्यातली एक मोठी चूक केली. त्यांनी लोकसहभागाच्या पंचवीस गुणांवर भाषण दिलं.

"शुक्रवारी मुंबईहून पावने येनार हायेत," ते म्हणाले. भाषणात ते गावचं बोलत. "गाव एक हाय, ह्ये त्यांना दिसलं पायजे. परत्येकानं हातभार लावा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. अनंतरावांना भाषण चांगलं झाल्यासारखं वाटलं. ते फार चांगलं झालं होतं, हे सोमवारी कळलं.

टेमघरात लग्नाची हळद असली की कामं वाटून द्यावी लागत नाहीत. मांडव कोण घालणार, चुली कोण मांडणार, पाणी कोण भरणार, कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. पाहुणे येणार एवढं कळलं की पुरे असतं. आणि पाहुण्यांना मोडकं दाखवायचं नाही, हे तर शिकवावंही लागत नाही.

सोमवारी सकाळी अनंतराव कारखान्यावर गेले तेव्हा पायऱ्या सिमेंटनं बांधलेल्या होत्या आणि कडेला गेरूचा पट्टाही होता. चार गुण गेले.

"कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"पावने ठेचकाळतील ना," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

मंगळवारी काचा बसल्या. पाच गेले. अनंतराव थेट थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे गेले. आक्का चौऱ्याहत्तर वर्षांची. टेमघरातल्या चार पिढ्यांच्या हळदी तिच्या हुकमानं झाल्या आहेत. ती पाटावर बसून तांदूळ पाखडत होती.

"आक्का, लोकांना सांग, काय दुरुस्त करू नका. मोडकंच र्‍हाव दे."

आक्कानं सूप खाली ठेवलं. "पावन्यांना मोडकं दाखवाचं?"

"हो."

"मंग त्यांच्याकडं मागाचं?"

"हो."

"ही भीक झाली, अनंता."

"भीक न्हाय, आक्का, गुण हायेत."

"भिकाऱ्याला पन गुण असतात. फाटकी चादर बगून लोक जास्ती देतात." तिनं सूप उचललं. "बापानं तुला याच्यासाठी शिकवलंन? जा. शुक्रवारचं जेवान मी बगते. तू शर्टाला इस्त्री कर."

अनंतराव त्या दिवशी सतरा घरी गेले. सगळीकडे त्यांनी एकच विनंती केली आणि सगळीकडे एकच समज झाला की, एवढ्या कामानं अनंताच्या डोक्यावर परिणाम झालाय. दोन घरांतून त्यांना लिंबू सरबत मिळालं. एका बाईनं दिपालीला बाजूला घेऊन रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं.

बुधवारी दुपारी चिंधूची गाडी आली. मागे टेम्पो होता आणि टेम्पोत कोरं करकरीत शटर. अनंतराव धावत गेले.

"चिंधू, तुला तर ह्ये व्हायला नको हाय! तू कशाला दार बसवतोस?"

"अनुदान नकोच हाय मना," चिंधू म्हणाला. "पन पावने आले तर काय म्हनतील? मढव्यांच्या गावात दाराला गंज? माज्या बापाच्या नावाला बट्टा." त्यानं माणसांना खूण केली. संध्याकाळी पाच वाजता शटर बसलं. सहा वाजता पेंटर आला आणि त्यानं त्यावर लाल अक्षरांत लिहिलं: 'कै. बाळाराम दामा मढवी यांच्या स्मरणार्थ, श्री. चिंधू बाळाराम मढवी यांजकडून.' सहा गुण गेले. हे नाव पुढे महत्त्वाचं ठरलं. त्या दिवशी अनंतरावांना त्याचं फक्त दुःख झालं.

गुरुवारी सकाळी वायरी भिंतीत गेल्या. तीन गेले. बारा राहिले, आणि वेगळेपणाचे दहा. दोन्ही वरच्या भोकात होते. अनंतरावांनी गुरुवारी दुपारभर भोकाखाली खुर्ची टाकून पहारा केला. संध्याकाळी सात वाजता ते जेवायला घरी गेले. साडेआठला परत आले तेव्हा इद्रीस मास्टर शिडीवरून उतरत होते.

इद्रीस मास्टर कारखान्याचे जुने फिटर. वीस वर्षं त्यांनी इथले माग जुळवले. कारखाना बंद पडला त्या दिवशी ते रडले होते. आता समोरच्या गल्लीत त्यांचं सुट्या भागांचं दुकान आहे.

"हो गया, अनंताभाई," हात पुसत ते म्हणाले. "लोहे की प्लेट डाली है, ऊपर डांबर, चार नट. अब बूंद नहीं टपकेगी."

अनंतराव खुर्चीत बसले. "मास्टर, वो छेद चाहिए था."

"छेद चाहिए था?" मास्टरांनी त्यांच्याकडे काळजीनं पाहिलं. "चालीस साल में पहली बार सुन रहा हूँ कि किसी को छेद चाहिए. आराम करो. सुबह मेहमान हैं."

शुक्रवारी सकाळी पावणेअकरा वाजता अनंतरावांनी इस्त्रीचा शर्ट घालून शिडी लावली. मास्टरांनी आवळलेला नट पान्याला दाद देत नव्हता. उन्हानं डांबर सैल झालं होतं. टेकायला गेलेली बाही तिथे राहिली. अकरा दहाला गाडी आली.

दिपालीनं कात्रीनं बाही कापून सासऱ्यांना खाली आणलं. उजव्या हाताला पूर्ण बाही आणि डाव्याला कोपरापर्यंत, अशा वेषात अनंतरावांनी समितीचं स्वागत केलं. मेघाली मॅडम चष्मा लावून अर्जाचं एकेक पान उलटत आत आल्या. मागून गाव आलं. सव्वीस मुली बाकांवर बसल्या होत्या. भिंतीपाशी आक्का, इद्रीस मास्टर, पांढऱ्या बुटांत चिंधू, आणि दारात मावतील तेवढे बाकीचे.

"पायऱ्या मोडक्या, असं लिहिलंय," मॅडम म्हणाल्या.

"होत्या," अनंतराव म्हणाले.

"काचा?"

"होत्या. म्हणजे, नव्हत्या. आता आहेत."

"दार गंजलेलं?"

चिंधूनं शटरकडे पाहून मिशीवरून हात फिरवला.

मॅडम प्रत्येक ओळीसमोर काहीतरी लिहीत होत्या. अनंतराव उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न करत होते. एकतीस वर्षांच्या सवयीनं त्यांना उलटं वाचता येतं, पण मॅडमचं अक्षर सुलटंही वाचता येण्यासारखं नव्हतं.

"आणि हे सौर घड्याळ?" मॅडमनी मान वर केली. "हे मला मुद्दाम पाहायचं होतं. चौसष्ट अर्जांत कुठेच नव्हतं. कुठे आहे?"

तिसऱ्या बाकावर दहावीतली मृणाली बसली होती. ती उभी राहिली. "मॅडम, त्याला काल डांबर लावलं."

"रिपेरला गेलंय ते!" चिंधू भिंतीपासून ओरडला. "ठाण्याला दिलंय. सोमवारी येतंय."

अनंतरावांनी चुलतभावाकडे पाहिलं. ज्या माणसाला जागा गोदामासाठी हवी होती, तो गावाची लाज राखायला त्यांच्यासाठी खोटं बोलत होता. क्षणभर त्यांना वाटलं, जाऊ दे. ठाणे तर ठाणे. बाहेर फोटो चांगला निघालाय. मग त्यांना आठवलं की एकतीस वर्षांत त्यांच्या सहीखाली एकही खोटी ओळ गेलेली नाही, आणि अर्जावर सही त्यांची होती.

"मॅडम," ते म्हणाले, "घड्याळ म्हणजे छपराचं भोक. ते यांनी बुजवलं. गाडी आली तेव्हा मी दुरुस्ती करत नव्हतो. मी ते पुन्हा पाडत होतो."

सागरचं पेन थांबलं. "पाडत होता?"

"गरजेला तीस गुण आहेत. यांनी सोमवारपासून सगळी गरज संपवत आणली. मला निदान भोक तरी वाचवायचं होतं."

"किती नट निघाले?" सागरनं विचारलं. अभियंता होता, त्याला तेच सुचलं.

"एकही नाही."

"निकलेगा भी नहीं," मागून इद्रीस मास्टर म्हणाले.

आधी मुली हसल्या. मग दार हसलं, म्हणजे दारातले सगळे. मेघाली मॅडम हसल्या की नाही याबद्दल एकमत नाही. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, एवढं सगळ्यांनी पाहिलं.

"हे सगळं पाच दिवसांत?" त्यांनी विचारलं. "सांगितलं कुणी?"

"सांगाया लागतं?" आक्का म्हणाली.

"किती लोक होते?"

"हळदीला कोन मोजतं, बाय?"

"अहो पण आजी, मला आकडा लिहावा लागतो."

"मंग समदे लिव."

मॅडमनी पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. गरजेच्या रकान्यावर पेन टेकवलं, उचललं, लोकसहभागाच्या रकान्यावर नेलं, तिथूनही उचललं. "मढवीसाहेब," त्या म्हणाल्या, "इतर ठिकाणी आम्हाला सहभागाचे फोटो दाखवतात. झाडू हातात धरलेले." पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत. अनंतरावांनी त्या न बोललेल्या वाक्याचा तेव्हापासून रोज वेगळा अर्थ लावला आहे.

मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "तुम्ही शिडीवर काय करत होता, ते स्वतःच्या शब्दांत लिहून द्या. फोटोबरोबर लावावं लागेल."

अर्ज लिहिण्यात हयात गेलेला माणूस पहिल्यांदा अडला. या विषयाचा नमुना नव्हता. वीस मिनिटांनी त्यांनी दिलेला कागद असा होता: 'महोदया, मी खाली सही करणार लिहून देतो की, मी आज रोजी छप्पर मोडण्याच्या उद्देशाने शिडीवर चढलो होतो. ग्रामस्थांनी केलेले काम पक्के असल्याने माझा उद्देश सफल झाला नाही. तरी कृपया योग्य तो विचार व्हावा.'

जेवणाचा विषय वेगळा झाला. "आम्हाला नियमानं पाण्याशिवाय काही घेता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "मंग पान्यासंगती घ्या," आक्का म्हणाली आणि तांदळाच्या भाकऱ्यांची चळत पुढे केली. अहवालात फक्त पाणी घेतल्याची नोंद आहे. अभियंत्यानं तीन भाकऱ्या आणि दोनदा कोंबडीचं कालवण घेतलं, असं आक्काचं म्हणणं आहे.

गाडी गेल्यावर अनंतराव पायरीवर बसले. मुली बाहेर आल्या.

"आजोबा, आता वेळ कशी कळणार?" मृणालीनं विचारलं.

इद्रीस मास्टरांनी ते ऐकलं. ते काही न बोलता दुकानात गेले. रविवारी त्यांनी स्वतःचे चार नट स्वतः काढले, तिथे पारदर्शक पत्रा बसवला, त्याला खालून काळा रंग दिला आणि मधोमध ताटाएवढा गोल मोकळा ठेवला. पाणी येत नाही, चकती येते. "आपको छेद चाहिए था ना?" ते अनंतरावांना म्हणाले. "लो. बिना टपके वाला."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रतिष्ठानाचा मेल आला: 'दुरुस्तीत सहभागी झालेल्या व्यक्तींची नावे व प्रत्येकाने केलेले काम कळवावे.' दिपालीनं यादी केली. चौदा नावं झाली. संध्याकाळपर्यंत लोकांना कळलं आणि दारात गर्दी झाली. गेरू कालवणारे आले, काचा धरून उभे राहिलेले आले, शिडी देणारा आला, शिडीवाल्याला हाक मारणारा आला. अनंतरावांना सरबत देणाऱ्या दोन्ही घरांनी आपलं सरबत नोंदवायला लावलं. यादी एकसष्टवर गेली. रक्तदाबवाल्या बाईंचा अर्ज दिपालीनं नाकारला. त्यांनी अनंतरावांकडे अपील केलं. बासष्ट.

तीस एप्रिलला सायंकाळी पाच वाजता सभा भरली. अनंतराव इस्त्रीचा नवा शर्ट घालून, राजीनाम्याचा कागद खिशात ठेवून आले होते. त्यांनी सभेसमोर पोर्टल उघडलं. अर्जासमोर एकच शब्द होता: विचाराधीन.

"म्हणजे आलं न्हाय," कुणीतरी म्हणालं.

अनंतरावांचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात चिंधू उभा राहिला.

"आलं न्हाय, असं कुठं लिवलंय?" तो म्हणाला. "इचार चालू हाय. मोठी मानसं इचार करतात तर करू द्या ना. मी एकतीस मेपर्यंत मुदतवाढ मागतो."



"आनि तुजी पार्सल कंपनी?" आक्कानं विचारलं.

चिंधूनं बुटांकडे पाहिलं. "त्यांचा मानूस आलता शनिवारी. म्हनतो, शटरवर आमचं नाव टाकनार. मी म्हनलं, आनि माज्या बापाचं? तर म्हनतो, रंगवून टाकू." चिंधूचा आवाज चढला. "माजा बाप रंगवून टाकनार? मी शटर पावन्यांसाठी लावलंय. ह्यांच्या खोक्यांसाठी न्हाय."

मुदतवाढ एकमतानं मंजूर झाली. राजीनाम्याचा कागद अनंतरावांनी घरी जाऊन नीट घडी घालून ठेवला. मसुदा चांगला उतरला होता, फाडवला नाही.

त्यानंतरची ताजी माहिती अशी. नऊपैकी दोन जागा जाहीर झाल्या आहेत, त्यात टेमघर नाही. तिसरी जाहीर झालेली नाही. यादीत काल आणखी एका नावाची भर पडली: अनंतराव मढवी, काम, 'छप्पर पक्के असल्याची चाचणी.' ते दिपालीनं लिहिलं. सासऱ्यांनी त्यात खोटं शोधलं, त्यांना सापडलं नाही. आज सकाळी चकती तिसऱ्या बाकावर आली तेव्हा त्यांनी पुन्हा पोर्टल उघडून पाहिलं. विचाराधीन.